हवेची चाकं

४ जानेवारी १९२३, मंडी मोहल्ला, म्हैसूर

नव्या वर्षापासून वही लिहायची असं ठरवून चार दिवस गेले. आज बसलोच. आमच्या घराण्यात लिहिणारं कुणी झालं नाही. पणजोबा, आजोबा, वडील, सगळे राजाच्या रिसाल्यात. मीही तिथंच, पण पागेत, नालबंद म्हणून. एका तापट घोड्याने कंबरेत लाथ घातली आणि मला लवकर पेन्शनीत बसवलं. मराठी अक्षर आईने गिरवून घेतलं, कन्नड शाळेत शिकलो.

लिहायचं कारण लॉरी. गेल्या दसऱ्याआधी हिनकलकडची जमीन विकली आणि लढाईतून उरलेली एक लॉरी बेंगळुराच्या लिलावात घेतली. जावई दत्तोजीराव ती हाकतात. ते रिसाल्याबरोबर मिसर आणि पॅलेस्टाइनच्या लढाईवर गेले होते, तिथं मोटार हाकायला शिकले. पिरियापट्टणहून तंबाखू आणि तांदूळ मंडीत आणायचा, जाताना मीठ, रॉकेल, कापड न्यायचं. माल भरपूर मिळतो. पण लॉरी पिते फार. चाकांवर भरीव रबर आहे, दगडासारखं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा ते परत लॉरीच्या अंगावर फेकतं, आणि तेवढं पेट्रोल फुकट जातं, असं मला वाटतं. डब्यातून पेट्रोल ओतताना मी प्रत्येक डबा मोजतो.

लॉरी चाललीच पाहिजे. दत्तोजीरावांचे थोरले भाऊ शिवमोग्ग्याला असतात, ते त्यांना तिकडं बोलावतात. इथं काम उरलं नाही तर ते जातील. ते गेले की पुष्पी जाईल. पुष्पी म्हणजे पुष्पावती, आमची नात, आठ वर्षांची. ती जन्मल्यापासून इथंच आहे. तिची आई, आमची मुलगी, इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली. त्याबद्दल लिहायला ही वही केलेली नाही.

११ जानेवारी

नरसिंहमूर्तींच्या मोटार दुरुस्तीच्या शेडमध्ये गेलो होतो. ते म्हणाले, "मानाजीराव, आता भरीव टायर कोण वापरतो? हवेचे टायर घाला. मोठी चाकं घाला. पेट्रोल वाचेल."

मी विचारलं, "मोठी का?"

त्यांनी जमिनीवर खडूने दोन वर्तुळं काढली. लहान चाक एकदा फिरलं की एवढा रस्ता जातो, मोठं फिरलं की त्याहून जास्त. म्हणजे तोच गाव गाठायला मोठ्या चाकाला फेरे कमी, फेरे कमी म्हणजे इंजिनालाही कमी. शिवाय हवेचं रबर खड्ड्यात दबतं आणि उठतं, रस्त्याशी भांडत नाही.

मला लगेच पटलं. बैलगाडीची चाकं उगीच छातीएवढी करत नाहीत. लहान चाक खळग्यात बसतं, मोठं त्यावरून जातं.

घरी दत्तोजीरावांना सांगितलं. ते जरा विचार करून म्हणाले, "मामा, सपाटीला ठीक. चढाला जड जाईल. लांब टांग टाकणारं घोडं ओझं घेऊन चढताना लवकर दमतं ना, तसं. खालच्या गिअरमध्ये जास्त वेळ राहावं लागेल."

"पण हुणसूरपर्यंत चढ आहेतच किती?"

"फार नाहीत," ते म्हणाले. एवढं बोलले म्हणजे त्यांच्या मानाने खूप झालं. लढाईवरून आल्यापासून ते जेवतात, हाकतात, निजतात. कामाला सोनं माणूस. पण घरात असले तरी नसल्यासारखे.

२ फेब्रुवारी

मद्रासहून चाकं आली. जुनी काढून नवी बसवायला दोन दिवस लागले. लॉरी एकदम उंच दिसते. पुष्पीला फळीवर चढता येईना, मी उचलून बसवलं. माझ्या बायकोने, भागीरथीने, चारी चाकांना हळदकुंकू लावलं आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं.

दत्तोजीराव सकाळी गेले आणि त्याच दिवशी दिवेलागणीला परत आले. एरवी पिरियापट्टणला मुक्काम पडायचा. पेट्रोलचा एक अख्खा डबा उरला. मी तो हलवून हलवून बघितला.

"हादरे बसले का?" मी विचारलं.

"रस्ता आहे की नाही कळत नाही, मामा," ते म्हणाले आणि थोडं हसले. त्यांना हसताना मी कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

१९ फेब्रुवारी

हुणसूरच्या पुढं, होसहळ्ळीच्या फाट्याशी ट्यूब फुटली. भरीव टायरला हे दुखणं नव्हतं. दत्तोजीराव दुसऱ्या दिवशी दुपारी आले. होसहळ्ळीत आपल्यातलंच एक घर आहे म्हणे. फत्तेसिंगराव म्हणून रिसाल्यातले जुने दफेदार, आता शेती करतात. त्यांनी बैल लावून लॉरी सावलीत ओढली, जेवायला घातलं, रात्री ठेवून घेतलं.

जेवताना दत्तोजीराव आपणहून बोलले. "फार साधी माणसं. सगळं विचारतात. घरी कोण, लढाईत काय बघितलं, मग..." तिथं थांबले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

मी म्हणालो, ट्यूब कशाने फुटली ते बघायला हवं. खिळा की दगड?

भागीरथी त्यांच्याकडे बघत होती. मग उठून तिने त्यांना आणखी भात वाढला. त्यांनी मागितला नव्हता.

८ मार्च

काहीतरी बिनसलं आहे. पहिले आठ-पंधरा दिवस पेट्रोल वाचलं, आता पुन्हा पूर्वीइतकंच लागतं. चाक तेच, माल तेवढाच, रस्ता तोच.

आणखी एक कोडं आहे. पुढच्या चाकाला माइलाचं घड्याळ जोडलेलं आहे. ते चाकाचे फेरे मोजतं. चाक मोठं झालं, फेरे कमी झाले, म्हणजे त्याच रस्त्याला घड्याळाने कमी माइल दाखवायला हवेत. पहिल्या खेपांना दाखवलेही. आता पिरियापट्टणला जाऊन येण्याचे ते भरीव टायरांच्या वेळेइतकेच माइल दाखवतं. मी कागदावर मांडून बघितलं, नरसिंहमूर्तींना दाखवलं. ते म्हणाले, "हवा कमी असेल. ओझ्याखाली टायर दबला की चाक लहानच झालं की. दबलेला टायर पेट्रोलही जास्त खातो."

हे बरोबर वाटतं. चाक मोठं घेतलं, पण दबून लहान झालं. पंपाने हवा भरायला बसलो, कंबर धरली. दत्तोजीरावांनी पंप हातातून घेतला. "राहू द्या मामा. टायर चांगले आहेत," म्हणाले. खाली बघूनच बोलत होते.

तेही हल्ली विचित्र वागतात. लॉरी हाकायला निघताना धुतलेला सदरा घालतात. तेलाचे डाग पडले की धुवायचा भागीरथीनेच. तिला म्हटलं तर ती म्हणाली, "पडू देत."

२१ मार्च

शाळेला सुट्टी, म्हणून पुष्पी काल बापाबरोबर लॉरीतून गेली होती. उशिरा आली, पेंगुळलेली. डोक्यावर निराळीच वेणी, पाच पदरी, त्यात कनकांबराची केशरी फुलं माळलेली. भागीरथी घालते ती तीन पदरी. "कुणी घातली गं?" मी विचारलं. "अक्कानं," म्हणाली. हुणसूरच्या अड्ड्यावर कुणी बाई असेल.

आज जेवताना पुष्पीने एकदम मला विचारलं, "ताता, माझी आई कशी होती?"

मी भात कालवत राहिलो.

"अक्का मला विचारत होती. मला सांगता आलं नाही. अप्पांना पण येत नाही."

भागीरथी पानावरून उठली आणि चुलीकडे गेली. दत्तोजीराव माझ्याकडे बघत होते. ते बराच वेळ बघत होते. मी त्यांना म्हणालो, "मागच्या डाव्या टायरात हवा कमी वाटते. उद्या निघायच्या आधी बघू." ते म्हणाले, "बघू, मामा."

५ एप्रिल

आज स्वतःच लॉरीत बसून पिरियापट्टणला जाऊन आलो. शोध लागला.

पहाटे हवा भरून घेतली. टाकी काठोकाठ भरली. दत्तोजीरावांनी उत्तम हाकली. सपाटीला इंजिन हलकं, एकसुरी चाललं होतं. बिळिकेरेच्या तळ्याजवळून जाताना तर झोप लागेल असं वाटलं. चढाला त्यांनी सांगितलं तसंच झालं, खालच्या गिअरमध्ये गुरगुरत चढली, पण चढली. घरी येऊन उरलेलं पेट्रोल मोजलं. मूर्तींनी सांगितलं होतं तितकं वाचलं. घड्याळही बरोबर, माइल कमीच दाखवले. चाकात काही दोष नाही.

मग दोष हाकण्यात. मी शेजारी असलो की ते जपून हाकतात, एकटे असले की घाई करत असणार. घरी आल्यावर मी त्यांना समजावून सांगितलं की जावईबापू, पेट्रोल म्हणजे लॉरीचं रक्त. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "हो मामा."

एक गोष्ट लिहायची राहिली. होसहळ्ळीच्या फाट्यावर पांढऱ्या मिशांचा एक माणूस झाकलेलं भांडं घेऊन उभा होता. लॉरी थांबली तसा म्हणाला, "आज आत नाही यायचं?" दत्तोजीराव म्हणाले, "आज मामा आहेत बरोबर." त्याने मला वाकून नमस्कार केला, भांडं माझ्या हातात दिलं. आत गरम हुरळीचं, म्हणजे कुळथाचं, सार होतं. तेच फत्तेसिंगराव. मला वाटलं त्यांना तांदूळ पाठवायचा असेल. "पुढच्या खेपेला माल घेऊ तुमचा," मी म्हणालो. ते नुसते हसले.

६ एप्रिल

सकाळी भागीरथी नाचणी निवडत होती. मी तिला कालच्या खेपेचं सांगत होतो. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "पेट्रोल कुठं जातं ते मी सांगू? होसहळ्ळीला जातं."

"काय?"

"फाट्यापासून आत गाव किती लांब आहे, विचारलंत कधी? जाऊन यायचं म्हणजे तुमच्या घड्याळाचे राहिलेले माइल भरतात."

"तिथं काय आहे?"

"त्या दफेदारांची मुलगी आहे. नर्मदा. पुष्पीची वेणी तिनंच घातली."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? लॉरी हाकायला धुतलेला सदरा कोण घालतं?" ती पुन्हा निवडायला लागली. "जायला आता वेळही मिळतो त्यांना. पूर्वी लॉरी रखडायची. तुम्ही चाकं बदललीत."

मी तिच्यासमोर खाली बसलो. मग म्हणालो, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं," भागीरथी म्हणाली. "तेवढे दिवस तरी पुष्पी आपली होती."

९ एप्रिल

दत्तोजीरावांनी आपणहून विषय काढला. अंगणात लॉरीजवळ उभे होते, हातात चिंधी होती, ती उगीच एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

"मामा, पेट्रोलाचा दोष माझा होता. तुम्ही चाकं तपासत बसलात, मला बोलवेना."

"लग्न करायचं आहे?"

"होय. तुम्ही हो म्हणालात तर."

मग तेच पुढं बोलले. "तिथं मी मुलीसाठी गेलो नाही मामा, खोटं सांगत नाही. ट्यूब फुटली त्या दिवशी दफेदारांनी विचारलं, घरवाली कशानं गेली. मी म्हणालो, साथीत. म्हणाले, आजारी किती दिवस होती? जवळ कोण होतं? मला एकाही प्रश्नाचं उत्तर येईना. लग्नाला सहा महिने झाले नव्हते तेव्हा मी बोटीत बसलो. परत आलो तेव्हा पाच वर्षांची पोरगी दारात उभी होती आणि घरात कुणी काही बोलत नव्हतं. मला वाटलं तुम्ही सांगाल. मग वाटलं विचारलं तर तुम्हाला त्रास होईल. त्या घरात निदान मला बोलता आलं. जेवढं मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. फार थोडं होतं. तेच तेच सांगत होतो."

मी चाकाला टेकून उभा होतो. रबर उन्हाने तापलं होतं.

"दफेदारांचं म्हणणं आहे, हुणसूरला घर करावं. लॉरी तिथून चालवेन, मंडीत आठवड्याला येईनच. पुष्पीला..." ते थांबले. "पुष्पीला तुमच्याजवळ ठेवा मामा. तुमच्यापासून तिला मी तोडणार नाही."

मी "बघू" म्हणालो.

१० एप्रिल

भागीरथीला सांगितलं की ते पुष्पीला इथंच ठेवायला तयार आहेत. तिने देवापुढं साखर ठेवली. सबंध दिवस ती गुणगुणत होती. मला मात्र दत्तोजीरावांचं तोंड दिसत राहिलं.

१५ एप्रिल

एकटा होसहळ्ळीला गेलो. हुणसूरपर्यंत मोटार सर्विसने, पुढं बैलगाडीने. मुलगी बघायला म्हणून गेलो नव्हतो. नापसंत करायला गेलो होतो, हे इथं लिहायला हरकत नाही.

फत्तेसिंगराव शेतावर होते. नर्मदा एकटीच होती, अंगणात भात वाळत घालत होती. पंचविशीची असेल. आई अंथरुणाला खिळलेली होती, तिचं करता करता लग्नाचं वय सरलं, असं पुढं कळलं. आई गेल्या वर्षी वारली. नाव सांगताच नर्मदेने मला ओळखलं. पाणी दिलं, चटई घातली आणि दूर उंबऱ्याशी बसली.

मी म्हणालो, "पुष्पी आमच्याजवळच राहणार आहे. तुला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. तुमचीच आहे ती." मग थोड्या वेळाने म्हणाली, "एक मागू का? रागावू नका."

मला वाटलं दागिन्यांचं काही असेल.

"वनजाताईंबद्दल मला थोडं सांगाल?"

तिने नाव घेतलं. आमच्या घरात ते नाव साथीच्या सालापासून कुणी घेतलं नव्हतं. मी या वहीतही ते लिहिलं नव्हतं.

"पुष्पी विचारते मला. आई गोरी होती का, आईला काय आवडायचं. तिच्या अप्पांना विचारते तर त्यांना ठाऊक नाही. तिच्या आईची जागा मला नको आहे. पण त्या जागेवर काहीच नाही मामा. पोर तिथं जाऊन जाऊन परत येते."

मी म्हणालो, "वनजा सावळी होती." पुढं बोलवेना. तिने विचारलंही नाही. फत्तेसिंगराव येईपर्यंत ती नुसती बसून राहिली. तिने मला पान दिलं, मी खाल्लं, आणि परत आलो.

२२ एप्रिल

भागीरथीला म्हणालो, पुष्पी बापाबरोबर जाऊ दे.

ती म्हणाली, "मुलगी नेली देवानं. नात तुम्ही नेऊन घालणार?"

"ती आपल्याकडे राहिली तर आपल्यासारखी होईल."

"आपल्यासारखी म्हणजे?"

"गप्प," मी म्हणालो.

ती रडली. मी जवळ बसून राहिलो. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर ती म्हणाली, "न्यायची तर न्या. पण रिकामी नेऊ नका. तिच्या बापाला तुम्ही सांगायचंय ते सांगा. तो बिचारा दारात उभा आहे तो अजून उभाच आहे."

"तू सांग की," मी म्हणालो.

"मी आतलं सांगेन. बाहेर तुम्ही होतात."

४ मे

होसहळ्ळीत लग्न झालं. थोडीच माणसं होती. भागीरथी आली आणि नर्मदेची ओटी भरली. पुष्पी अक्षता टाकता टाकता दमून माझ्या मांडीवर झोपली. हुणसूरला घर मिळालं आहे, कौलारू, मागे विहीर. ते लागेपर्यंत पुष्पी आमच्याकडे.

१३ मे

लॉरी आली होती. दत्तोजीराव आणि मी हवा तपासली, चाकं धुतली. आता पेट्रोल वाचतं. मला सांगायची संधी होती, दोघेच होतो. मी टायरच्या झिजेबद्दल बोललो. पुढचे टायर बाहेरच्या कडेला जास्त झिजले आहेत, मागच्यांशी अदलाबदल करायला हवी. ते गेल्यावर भागीरथीने माझ्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

२० मे

पुष्पीला पोचवून आलो.

भागीरथी दारातच थांबली, रस्त्यापर्यंत आली नाही. पुष्पी आमच्या दोघांच्या मध्ये बसली, मांडीवर कपड्यांचं गाठोडं. हिनकल गेलं. येलवाळ गेलं. लॉरी इतकी सुरळीत चालली होती की असंच गेलो असतो तर बोलायच्या आत हुणसूर आलं असतं.

मी म्हणालो, "दत्तोजीराव, हळू हाका."

"हादरा बसतो का मामा?"

"नाही. मला बोलायचं आहे. वनजाबद्दल."

त्यांनी वेग कमी केला. चाकांचा आवाज जवळजवळ थांबला.

मी लहानपणापासून सुरू केलं. ती सावळी होती आणि तिला त्याचा राग यायचा. 'अप्पा, अप्पा' करत पागेत माझ्याबरोबर यायची आणि घोड्यांना गूळ चारायची, मी ओरडेपर्यंत. रागी मुद्दे, नाचणीचे उकडलेले गोळे, तिला आवडत नसत, भाकरी आवडायची. पुष्पी झाली तेव्हा म्हणाली होती, नाक त्यांचं आहे, आता निदान नाक तरी रोज बघायला मिळेल. दत्तोजीरावांनी एक हात स्टीअरिंगवरून काढून स्वतःच्या तोंडावरून फिरवला.

मग साथीचं सांगितलं. दसरा होऊन गेला होता. मोहल्ल्यात घरोघर माणसं पडली होती, औषध द्यायला कुणी नव्हतं, खांदा द्यायलाही नव्हतं. वनजाला ताप चढला आणि उतरलाच नाही. तापात तिला टापा ऐकू यायच्या. म्हणायची, "आले. दार उघडा, रिसाला परत आला." रस्त्यावर काहीच नसायचं. टांगेवालेसुद्धा अंथरुणाला खिळले होते. शेवटच्या सकाळी ती फार तळमळायला लागली, उठून दाराकडे जाऊ बघायची. मला ते बघवेना. मी शेजारच्या टांगेवाल्याचं घोडं सोडलं आणि गल्लीतून चालवायला लागलो. या टोकाहून त्या टोकापर्यंत, परत, पुन्हा. भागीरथीने खिडकीतून हात हलवला, तळमळ थांबली म्हणून. तेव्हा मी थांबलो नाही. ऊन वर आलं, तरी चालवत राहिलो. मग भागीरथी दारात येऊन उभी राहिली. माझ्या हातात लगाम होता. लेकीजवळ मी नव्हतो, बाहेर होतो.

बिळिकेरेच्या तळ्याशी दत्तोजीरावांनी लॉरी थांबवली. इंजिन बंद केलं.

"म्हणजे तिला वाटलं, मी आलो?"

"होय," मी म्हणालो.

ते पुढं तळ्याकडे बघत बसले. त्यांचे खांदे हलत होते. पुष्पीने बापाचा सदरा धरला. मग तिने मला विचारलं, "ताता, घोड्याचं नाव काय होतं?"

"ठाऊक नाही गं. एक पाय पांढरा होता."

"कुठला?"

"मागचा."

हुणसूरला नर्मदा दारात उभी होती. पुष्पी उतरली आणि धावत जाऊन तिला सांगायला लागली, पांढऱ्या पायाचं घोडं, आणि आईला गूळ, आणि नाक. सगळं एकात एक. नर्मदेने माझ्याकडे बघितलं आणि पदर डोक्यावर ओढून माझ्या पाया पडली. मी परतीच्या मोटारीत बसलो तेव्हा पुष्पी आत होती, तिचा आवाज येत होता. मी बोलावलं नाही.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. भागीरथी पायरीवर बसली होती.

"सांगितलंत?"

"सांगितलं. त्याला वाटलं... त्याला बरं वाटलं. तिला तो आला असं वाटलं होतं, हे ऐकून."

भागीरथी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, आत काय झालं ते."

"आता विचारतो."

"तिला ठाऊक होतं," भागीरथी म्हणाली. "तुम्ही घोड्याशी बोलत चालला होतात ना, कन्नडात, 'बा मगा, बा', ये लेकरा, ये, करून. ते ऐकू येत होतं आत. सकाळी ती एकदा पूर्ण शुद्धीवर आली. माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, 'आई, अप्पा आहेत ते. त्यांना आत बोलाव, दमतील.'"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो.

"मग बोलावलं का नाहीस?"

"तिनं माझा हात धरला होता. तो सोडवून उठवेना मला. आणि तुम्ही चालत होतात तोवर ती ऐकत होती."

समोरच्या घरात कुणीतरी दिवा लावला. मग भागीरथी म्हणाली, हे दत्तोजीरावांना सांगायचं नाही. मीही तेच म्हणणार होतो.